आठवणीची उलटतपासणी

बारावीच्या मानसशास्त्राच्या पुस्तकातलं कुठलं प्रकरण पुढे आयुष्यात कामाला येतं, असं विचारलं तर बहुतेक जण ताणतणावांचं नाहीतर मनोविकारांचं नाव घेतील. मला कामाला आलं ते स्मृतीचं. वर्गात सगळ्यांना रटाळ वाटणारं, ज्यात एक जर्मन गृहस्थ वर्षानुवर्षं निरर्थक अक्षरं पाठ करत बसलेला असतो, ते. मी सांगलीच्या कोर्टात मोटार अपघाताचे दावे चालवते. माझं निम्मं काम दुसऱ्यांच्या आठवणींवर चालतं. त्या आठवणी कितपत धरून चालायच्या याचा अंदाज मला कायद्याच्या पुस्तकांनी नंतर दिला, त्याआधी तो आर्ट्सच्या वर्गात आला होता.

विषय मी ठरवून घेतला नव्हता. वकील व्हायचं हे मात्र ठरलेलं, म्हणून दहावीला बरे मार्क असूनही २००४ च्या जूनमध्ये आर्ट्सचा फॉर्म भरला. घरावर सुतकी कळा पसरली. बऱ्या मार्कांची मुलगी आर्ट्सला गेली की तिचं काहीतरी बिनसलंय असं सांगलीत लोक धरूनच चालायचे. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे नक्की होते. उरलेल्या एका जागेवर भूगोल नाहीतर मानसशास्त्र. नकाशे मला कधी जमले नाहीत. झालं.

मानसशास्त्र घेतलंय म्हटलं की ओळखीपाळखीचे लोक दोनच गोष्टी बोलायचे. एक, "आता काय बाई, तुझ्यापुढं बोलायची पण चोरी!" आणि दुसरं, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार?" पहिल्याला उत्तर नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर मी इतक्यांदा दिलंय की आता अशिलाला कलम समजावून सांगावं तसं तोंडातून येतं. मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर आधी एमबीबीएस, मग एमडी, म्हणजे अकरावीला सायन्स हवं. आर्ट्सच्या वाटेनं गेलं तर बीए, एमए, त्यापुढचं चिकित्सालयीन प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. त्या वाटेनं मानसशास्त्रज्ञ होता येतं, औषधं लिहून देता येत नाहीत. एवढं ऐकूनही लोकांचा शेरा ठरलेला असायचा: मग फायदा काय?

आमच्या मॅडम मिरजेहून सिटी बसनं यायच्या. त्यांचं वर्गातलं पहिलं वाक्य मला लख्ख आठवतं असं मी लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच. पण एक गोष्ट त्या वारंवार करायच्या, त्यामुळे तिच्याबद्दल खात्री आहे. कुणी काही ठाम विधान केलं की त्या खडू खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "हे तुला कशावरून कळलं?" आवाजात जरब नसायची, खरंच जाणून घ्यायचं असायचं. 'मुलींची पाठांतराची ताकद जास्त असते.' कशावरून? 'मोठा मुलगा जबाबदार असतो.' कशावरून? इतिहासाच्या तासाला असं कुणी विचारत नव्हतं. तिथं पुस्तकात आहे म्हणजे आहे.

पहिली सहामाही कोरडी गेली. विल्हेल्म वुंट, लाइपझिग, १८७९, मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा. सगळ्यांनी अधोरेखित केलं, सगळ्यांनी पाठ केलं. आमच्याकडे मात्र प्रयोगशाळा कसली, साधं कपाटही नव्हतं. मॅडम जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर म्युलर-लायरच्या रेघा काढून आणायच्या. १८८९ सालची ती दोन बाणांची आकृती: एका रेघेची टोकं आत वळलेली, दुसरीची बाहेर, लांबी सारखीच, आणि तरी एक लांब दिसते. आम्ही पट्टी लावली. सारख्या. पट्टी काढली, परत एक लांब. मागच्या बाकावरची एक जण म्हणाली, "मॅडम, आता कळलंय ना, मग अजून का दिसतंय?" हा प्रश्न पुस्तकात नव्हता. कळल्यानं दिसणं बदलत नाही, एवढंच मॅडम म्हणाल्या, आणि तास संपला. मला वाटतं, त्या दिवशी हा विषय मी मनापासून धरला.

सुरुवातीला म्हटलेल्या त्या जर्मन गृहस्थाचं, एबिंगहाउसचं, काम मॅडमनी वर्गात करून दाखवलं. मूळ माणसानं ते एकट्यानं, स्वतःवरच केलं आणि १८८५ मध्ये छापलं. सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट त्यानं बनवले होते, कारण अर्थ असलेला शब्द कुठल्यातरी जुन्या ओळखीला चिकटतो आणि मोजणी बिघडते. मॅडमनी मराठीत तसे शब्द जुळवून फळ्यावर लिहिले. ढूस, फेग, झुव, गोब असं काहीतरी. लगेच भांडण लागलं. एकीला ढूस म्हणजे ढुसणी आठवली. जत तालुक्यातली एक मैत्रीण, घरी कन्नड बोलणारी, म्हणाली की यातला एक शब्द आमच्याकडे चक्क आहे. मॅडमनी तो पुसून दुसरा लिहिला, त्याला खानापूरकडच्या मुलीनं हरकत घेतली. सांगली जिल्ह्यात निरर्थक शब्द शोधणं जर्मनीपेक्षा अवघड असावं. शेवटी कशीबशी यादी ठरली, पी.टी.च्या सरांचं स्टॉपवॉच आणलं, आणि आम्ही पाठ करायला लागलो.

एबिंगहाउसनं मोजलं होतं ते असं: पाठ केलेली यादी काही काळानं पुन्हा पाठ करायला बसलं तर पहिल्यापेक्षा किती कष्ट वाचतात. तासाभरानं बसलं तर वाचतात सुमारे ४४ टक्के, एका दिवसानं ३४, आणि ३१ दिवसांनी २१. म्हणजे पडझड पहिल्या तासातच मोठी होते, पुढे ती मंदावत जाते. त्याचं आणखी एक निरीक्षण परीक्षेच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं होतं. एका बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधतं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा वाचलं तरी साधतं. हे आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री 'अपेक्षित' प्रश्नसंच हातात धरून, एका बैठकीत घोकलं.

बुद्धिमत्तेच्या प्रकरणात एक गोष्ट मॅडमनी पदरची घातली. बिने आणि सिमोन यांची चाचणी १९०५ ची, पॅरिसची, हे पुस्तकात होतंच. पण तिचं रूपांतर मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी केलं आणि १९३४ मध्ये ते ब्रिटिश नियतकालिकात छापून आलं, पुढे १९४० मध्ये ग्रंथरूपात, हे त्यांनी सांगितलं. आपल्याच पट्ट्यातली पोरं, मराठी आणि कन्नड. बिनेला शोधायची होती ती वर्गात मागं पडणारी, जास्त मदत लागणारी मुलं. हे ऐकून आमच्यातल्या एकीनं हिशेब मांडला, की आमच्या शाळेत 'ढ' ठरवायला चाचणी लागायची नाही, बाकाची ओळ पुरायची.

आणि मग पूर आला.

२००५ चा जुलै संपता संपता कृष्णा चढायला लागली. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हे शेंबड्या पोरालाही सांगता येतं: ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. त्या वर्षी ते ५३ च्या वर गेलं. आमचं घर गावभागात. मारुती चौकात पाणी आलं म्हणजे पुढे कुठून कुठे शिरतं, हा क्रम आमच्याकडे आरतीसारखा पाठ असतो. विश्रामबाग उंचावर आहे, तिथं नदी पोचत नाही. त्यामुळे एकाच वर्गात दोन सांगल्या होत्या. एक पाण्यातून आलेली, दुसरी टीव्हीवर पाणी बघितलेली.

कॉलेज परत सुरू झालं तेव्हा वर्ग अर्धाच भरला होता. मॅडमनी उत्तरपत्रिकेच्या पुरवण्या वाटल्या आणि फळ्यावर प्रश्न लिहिले. पाणी चढतंय हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? कुणी सांगितलं? तेव्हा कुठं होतात, काय करत होतात, जवळ कोण होतं? त्यानंतर लगेच काय केलंत? तारीख घाला, एकमेकींचं बघू नका. कुणाला वाटलं निबंध आहे, कुणाला वाटलं सरकारी मदतीसाठी नोंद घेतायत. एकीनं प्रश्न बाजूला ठेवून नुकसानीची यादीच लिहून दिली: गाद्या, पितळेचे डबे, धान्याची पोती, मिक्सर. मॅडमनी तीही ठेवून घेतली.

पूर्वपरीक्षेच्या आधी, जानेवारीत, त्यांनी तेच प्रश्न पुन्हा दिले. आम्ही पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या हातात तिचे दोन्ही कागद दिले आणि म्हणाल्या, "वाचा. कुणाला दाखवायची सक्ती नाही."

सक्तीची गरज नव्हती, वर्गात कल्ला उठला. विश्रामबागेतली माझी एक मैत्रीण. ऑगस्टच्या कागदावर तिनं लिहिलं होतं की ती घरी टीव्ही बघत होती आणि मामाचा फोन आला. जानेवारीच्या कागदावर ती वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून मारुती चौकापर्यंत गेली होती आणि पाणी दुकानांच्या फळ्यांना लागलेलं तिनं स्वतः पाहिलं होतं. स्कूटरचा रंग लिहिला होता. दोन्ही कागद तिच्याच अक्षरात. तिनं ते बराच वेळ बघितले आणि म्हणाली, "तेव्हा मी घाईत लिहिलं असणार." म्हणजे खोटा ठरला तो पहिला कागद! पुढे कितीतरी साक्षीदारांच्या तोंडी मी हे वाक्य ऐकलं. पोलिसांनी घाईत लिहून घेतलं असेल, साहेब.

मग मॅडमनी एका अमेरिकी अभ्यासाबद्दल सांगितलं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उडताच फुटलं. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी तुम्हाला कुठं, कशी कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. एक चतुर्थांश जणांचं सगळंच्या सगळं चुकलं. पूर्ण बरोबर निघाले तिघं. चुकलेल्यांतले कितीतरी जण आपल्या उत्तराबद्दल ठाम होते, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही जुनी आठवण परत आली नाही. नाइसर आणि निकोल हार्श यांनी हे १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. मिरजेहून बसनं येणाऱ्या, तुटपुंज्या ग्रंथालयाच्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंच्या हाती तो अभ्यास कसा लागला, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

पण आमच्या वर्गात एक गोष्ट त्या अभ्यासासारखी झाली नव्हती. गावभाग, पेठभाग, दत्तनगर इथल्या, म्हणजे ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्या मुलींचे दोन्ही कागद बहुतेक जुळत होते. पाणी कितव्या पायरीवर होतं, कुणाचं पोरगं ओरडत आलं, गॅसवर काय शिजत होतं, सगळं तेच. मॅडमनी फळ्यावर दोन रकाने आखले आणि आमच्याकडे बघत राहिल्या. "का बरं असं?" कुणी म्हणालं घाबरल्यामुळे. कुणी म्हणालं नुकसान झाल्यामुळे. मॅडमनी उत्तर दिलं नाही, बहुधा त्यांच्याकडेही नसावं. मला ते वकिलीला लागल्यानंतर एका पुस्तकात सापडलं. १७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला, तेव्हा नाइसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा हाच खेळ मांडला. भूकंप स्वतः अनुभवलेली कॅलिफोर्नियाची मुलं आणि बातमी ऐकलेली अटलांटाची मुलं. दीडेक वर्षांनी विचारलं तर कॅलिफोर्नियाकरांच्या आठवणी जवळपास जशाच्या तशा होत्या, अटलांटाकरांच्या ढासळलेल्या. यात नुसत्या घबराटीपेक्षा वारंवार सांगण्याचा वाटा असावा, असं त्या संशोधकांना वाटलं. गावभागात पूर ओसरल्यावर पुढचे कितीतरी महिने प्रत्येक दारात तेवढंच चाललेलं असायचं. कुणाकडे किती पाणी, कुणाचं काय गेलं. पाहुणा आला की पहिल्या पायरीपासून सुरुवात.

हा अभ्यास वाचला तेव्हा वाटलं, मॅडमना फोन करावा. त्या निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या होत्या. केलाच फोन. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "आपल्या वर्गात किती मुली होत्या? आणि त्यांतल्या कुणी एकमेकींचं बघून लिहिलं नाही, हे कशावरून?"

आता कोर्टाकडे येते. गळीत हंगाम सुरू झाला की सांगली-इस्लामपूर आणि तासगाव रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी असलीच तर चिखलानं माखलेली. रात्री मोटारसायकलवाला मागून जाऊन आदळतो. दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दाखल होतो आणि साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहेपर्यंत वर्षं उलटलेली असतात. सरतपास, म्हणजे आपल्याच वकिलानं घेतलेली साक्ष, शपथपत्रावर होतो, तो वकिलाच्या भाषेत असतो, त्याचं काही नाही. खरी गंमत उलटतपासात. विमा कंपनीचे वकील विचारतात, मोटारसायकल सुसाट होती ना? आणि शेतातून पाणी पाजून येणारा माणूस, ज्यानं आवाज ऐकून मान वळवली होती, तो सांगतो: व्हय, शंभरच्या स्पीडनं आलता. त्यानं गाडी येताना पाहिलीच नव्हती. पण ते त्याला कुणी विचारत नाही.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग मी बारावीनंतर वाचला, पण तो वाचताना पुरवण्यांचेच कागद डोळ्यांपुढे होते. सगळ्या विद्यार्थ्यांना अपघातांच्या त्याच चित्रफिती दाखवल्या. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, एकमेकींना लागल्या तेव्हा किती होता? पहिल्या गटाचं सरासरी उत्तर ताशी चाळीस मैलांच्या वर, दुसऱ्याचं ३१.८. एका शब्दाला जवळपास नऊ मैल. पुढच्या प्रयोगात आठवडाभरानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? चक्काचूरवाल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, साध्या धडकेचा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. आमच्याकडे तर 'ट्रकनं उडवलं' याच्याखाली कुणी बोलतच नाही.

मला जास्त आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा धोका कायद्याला लॉफ्टसच्या शंभर वर्षं आधी ठाऊक होता. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १४१ पासून सूचक प्रश्नांचा, म्हणजे ज्यात हवं ते उत्तर आधीच सुचवलेलं असतं अशा प्रश्नांचा, बंदोबस्त केलेला होता: आपल्याच साक्षीदाराला सरतपासात असा प्रश्न विचारला आणि समोरच्यानं हरकत घेतली तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद राहिली आहे. उलटतपासात मात्र सूचक प्रश्न खुशाल विचारा. म्हणजे आठवण वाकवता येते हे कायद्यानं ओळखलं, आणि वाकवायची मुभा विरुद्ध बाजूच्या वकिलाला दिली! त्यामागचा विचार असा, की साक्षीदाराला विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या होला हो म्हणायचं कारण नसतं. ज्यानं तासगाव रस्त्यावरच्या शेतकऱ्याला काळ्या कोटापुढे उभं राहिलेलं पाहिलंय, त्याला या विचारातली फट दिसेल. काळा कोट कुठल्याही बाजूचा असो, मान हलतेच.

सर्वोच्च न्यायालयानं मात्र साक्षीदाराला समजून घेतलंय, हेही सांगायला हवं. १९८३ च्या भारवाडा भोगिनभाई हिरजीभाई खटल्याच्या निकालात म्हटलंय, की साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा करता येत नाही, मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप पुन्हा चालवल्यासारखं काही होत नाही, आणि वेळेबद्दल विचारलं की लोक बहुधा अंदाजच ठोकतात. लॉ कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेजारची म्हणाली, हसतेस काय? आमच्या मॅडमचा जानेवारीतला तास कुणीतरी सर्वोच्च न्यायालयात जाऊन घेतला होता, याचं हसू आलं होतं.

यामुळे मी साक्षीदारांवर अविश्वास ठेवायला शिकले असा अर्थ कुणी काढू नये. उलट झालं. बरेच वकील समोरच्याचं दोन ठिकाणचं बोलणं जुळलं नाही की 'खोटं बोलतोय' म्हणून मोकळे होतात. 'हे म्हणणे खरे नाही की', 'हे म्हणणे खोटे आहे की' असं टाइप होत जातं, आणि त्या चाकोरीत तिसरी शक्यता बसतच नाही: माणूस प्रामाणिक आहे, ठाम आहे आणि चुकतोय. स्कूटरवाल्या मैत्रिणीला खोटारडी म्हणायचं माझं धाडस नाही. तिला ती स्कूटर दिसते. पट्टी लावून झाल्यावरही रेघ लांब दिसते, तशी.

मनोविकारांच्या प्रकरणाबद्दल थोडंच लिहिते. ते शिकवायला लागल्यावर वर्गातल्या प्रत्येकीला आठवडाभर त्यातला कुठला ना कुठला आजार झाला. घरी चिडकी आत्या असेल तर तिलाही झाला. तेव्हा सांगलीत कुणाची टिंगल करायची तर 'याला येरवड्याला पाठवा' म्हणत, आणि खरंच कुणाला त्रास व्हायला लागला तर आधी देवाचं बघत, अंगारा-धुपारा होई, मग गुपचूप मिरजेला नेत. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, सगळीच लांब. आता २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, आणि कॉलेजातली पोरं या गोष्टी आमच्यापेक्षा मोकळेपणानं बोलतात. हे चांगलंच आहे. पण या विषयाची जाहिरात हल्ली फक्त एवढ्याच अंगानं होते, ती मला खटकते. समुपदेशन हवं तर समुपदेशकाकडे जावं. सतराव्या वर्षी वर्गात शिकायचं ते दुसरंच: आपण जे पाहिलं, ऐकलं, आठवलं म्हणतो ते तपासायचं कसं. हे तर सायन्सच्या पोरांनाही शिकवायला हवं. ती बिचारी दोन वर्षं लंबक हलवतात आणि निरीक्षण करणाऱ्या स्वतःच्या डोळ्याबद्दल त्यांना कुणी काही सांगत नाही.

माझी भाची यंदा बारावीला आहे, आर्ट्सलाच, आणि तिनं मानसशास्त्र मागून घेतलंय. तिचं पुस्तक आमच्यापेक्षा देखणं आहे, २०२० मध्ये आलेलं. भावनांवर स्वतंत्र प्रकरण आहे, सकारात्मक मानसशास्त्र आहे. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि प्रकल्प २० चा. सीबीएसईच्या मुलांना ३० गुणांचं प्रात्यक्षिक असतं, खऱ्या चाचण्या घ्यायला लागतात. आपल्याकडे प्रकल्प म्हणजे कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंग करून तयार मिळतो, नाव तेवढं आपलं घालायचं. भाची मोबाइलवरचे रील्स बघून घरातल्या प्रत्येकाला काही ना काही नाव देते. तिचे वडील नार्सिसिस्ट, तिच्या मैत्रिणीला ट्रॉमा, आणि मी 'टॉक्सिक', कारण मी झेरॉक्सवाल्याकडे जायला मना केलं.

"मग काय करू? तूच सांग, मावशी."

मी पुरवण्यांची गोष्ट सांगितली. तिला ती आवडली, पण २०१९ च्या पुरात ती लहान होती आणि ऑगस्टचे कागद कुणी लिहून ठेवलेले नाहीत. मग तिनंच तोड काढली. आजीला दोन्ही पूर विचारायचे, २००५ चा आणि २०१९ चा, वेगवेगळ्या दिवशी, आणि जे तपासता येईल ते तपासायचं. आमच्या घराच्या भिंतीवर दोन्ही वेळच्या पाण्याच्या खुणा रंगानं आखलेल्या आहेत. २०१९ ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यामुळे ती खूण वरची. तेवढा पुरावा तरी हातात होता.

आई म्हणजे पुराचा अधिकृत इतिहास. ती सांगायला बसली की मध्ये कुणी बोलत नाही. पहिल्या दिवशी तिनं २००५ सांगितला. पाणी तिसऱ्या पायरीला आलं, माझे बाबा मीटर बंद करायला धावले, आणि मग एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती बचाव दलाची पोरं आली, केशरी कपड्यातली, त्यांनी बोटीतून आम्हाला काढलं आणि एकानं तिचं शिलाई मशीन खांद्यावर घेतलं. भाचीनं सगळं टिपून घेतलं. रात्री मोबाइलवर शोधलं आणि सकाळी वहीसकट हजर.

"आजी, एनडीआरएफ २००६ ला स्थापन झालं. २००५ ला ते नव्हतंच."

आई भाजी निवडत होती. "मग?"

"मग ती बोट २०१९ ची असणार. तुझी सरमिसळ झालीय. पुस्तकात दिलंय, नंतरची आठवण आधीच्या आठवणीत शिरते."

हे बाकी तिनं बरोबर पकडलं. घरात पाणी आलेल्यांच्या आठवणी पक्क्या राहतात हे एकदा पूर आला तर. दोनदा आला, आणि दोन्ही पूर त्याच जिन्यावरून चढले, त्याच शेजाऱ्यांनी तेच ओरडून सांगितलं, की एकाचा तपशील दुसऱ्यात जाऊन बसतो. वारंवार सांगितल्यानं आठवण टिकते तशी शिवलीही जाते. ही पुढची पायरी आमच्या वर्गाला कधी मिळाली नाही, कारण आमच्याकडे तेव्हा एकच पूर होता.

मी भाचीला हळूच सांगितलं की आजीला 'बोट केशरी होती का' असं विचारायचं नाही, 'बोटीबद्दल सांग' असं विचारायचं. तिनं मान डोलावली आणि लगेच विचारलं, "आजी, २००५ ची बोट सैन्याची होती ना?"

"हरकत," मी म्हटलं.

आईनं निवडलेली मेथी टोपलीत टाकली. "सैन्याची असो नाहीतर कुणाची. मशीन त्या पोरानंच उचललं होतं. तुझ्या पुस्तकाला विचार, त्यानं उचललं नसेल तर मशीन आज माडीवर कसं आहे ते."

भाचीनं हेही लिहून घेतलं. प्रकल्प जमा करायला अजून तीन आठवडे आहेत, आणि शेजारच्या काकूंची साक्ष व्हायची आहे.